पंख्याच्या दोरीशी बसलेला दफ्तरी

मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला असताना नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे बुलढाण्याच्या एका सरकारी कचेरीत काम केलं. कोणत्या खात्याची कचेरी ते लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत, आणि माझ्या लिहिण्याचा त्यांतल्या एकाला एकदा त्रास होऊन चुकला आहे.

अमरावतीच्या कॉलेजातले आमचे प्राध्यापक आणि त्या कचेरीचे मोठे साहेब यांची ओळख होती. साहेबांनी दोन वर्षांपूर्वी कचेरीत समेट मंडळ काढलं होतं. कारकुनाचं कारकुनाशी, शिपायाचं कारकुनाशी भांडण झालं की पूर्वी अर्ज थेट नागपूरला जायचे आणि महिनोन् महिने पडून राहायचे. आता हेडक्लार्क आणि दोन जुने कारकून बसत, दोन्ही बाजू ऐकत आणि तिथल्या तिथे मिटवत. हेच पुढे तहसिलींतही सुरू करावं असं साहेबांच्या मनात होतं. त्याआधी बाहेरच्या कुणीतरी ते पाहून आठ-दहा पानं लिहून द्यावीत, म्हणून प्राध्यापकांनी मला पाठवलं. ते म्हणाले, "तू शेतकऱ्याचा मुलगा. तुझ्याशी माणसं मोकळेपणी बोलतील."

मी पिंपळगाव राजाचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मराठी चौथीच्या पुढे गेलेलं नाही. वडील कचेरीत जात तेव्हा पायरीवर जोडा काढत. मी लहानपणी त्यांच्याबरोबर दोनदा गेलो होतो आणि तेवढंच माझ्या लक्षात होतं. म्हणून पहिल्या दिवशी मीही पायरीवर जोडा काढला आणि अनवाणी आत गेलो.

"काऊन बे, देवळात आला काय?" दारातल्या टेबलावरून एक कारकून ओरडला. हा रेकॉर्डचा कारकून, लठ्ठ, नाकाला तपकीर लागलेली. मी प्राध्यापकांची चिठ्ठी पुढे केली. त्याने ती वाचली आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अरे बाप्पा! हे तं बी. ए. साहेब हायेत. आपली परीक्षा घ्याले आले. अन् पायात जोडा नाही!"

सगळे हसले. मी परत जाऊन जोडा घातला. त्यावर पुन्हा हसले.

हेडक्लार्क हसले नाहीत. त्यांनी मला समोर उभं ठेवून चिठ्ठी दोनदा वाचली. त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं होतं.

"म्हणजे तुम्ही आम्हांला तपासणार."

"नाही जी. फक्त पाहणार."

"पाहा. पाहायला हरकत नाही. मात्र कोणत्या कागदाला हात लावायचा तो मला विचारून."

खुर्ची मला मिळाली नाही. खिडकीखाली शिपायांचं बाक होतं, त्यावर मी बसलो. मंडळाची वही मागितली तर तिच्या कपाटाची किल्ली सापडेना. दुसऱ्या दिवशीही सापडली नाही. तिसऱ्या दिवशी रेकॉर्डच्या कारकुनाने ती स्वतःच्या जानव्याला बांधलेली मला दिसली. मी पाहिलं हे त्यालाही दिसलं. तो म्हणाला, "थे घरची हाये." चौथ्या दिवशी त्याच किल्लीने त्याने कपाट उघडलं आणि वही माझ्या मांडीवर टाकली.

वहीत एकेका पानावर एकेक भांडण होतं. वर दोघांची नावं, खाली एका ओळीत तक्रार, त्याखाली मंडळाने काय ठरवलं ते, आणि शेवटी प्रत्येक पानावर तीच ओळ: दोघांनी गूळ खाल्ला, समेट झाला. न मिटलेलं भांडण त्या वहीत एकही नव्हतं.

गुळाची पद्धत हेडक्लार्कांनीच घातली होती. आमच्या गावात धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण मिटलं की पंच दोघांच्या हातावर गूळ ठेवतात. गूळ खाल्ला की बोलणं संपलं, त्यानंतर कोणी तोंड उघडलं तर तोच वाईट ठरतो. ती चाल त्यांनी कचेरीत आणली. मला ती फार आवडली. आपल्या लोकांचं आपल्या रीतीने मिटवणं, असं मी टिपणवहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं, की गावात गूळ बोलणं संपल्यावर देतात. इथे तो दोघे आत आले की लगेच देत. हेडक्लार्क ताटली पुढे करत. ती नाकारायची कोणत्या शिपायाची छाती?

हे मला दफ्तरीचाचांनी सांगितलं.

ते मला दुसऱ्या दिवसापासून दिसत होते. साहेबांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात भिंतीला एक भोक होतं. त्यातून छताला टांगलेला पंखा ओढायची दोरी बाहेर येई. त्या भोकाखाली एक पन्नाशीचे मुसलमान गृहस्थ कांबळं पांघरून, दोरी हातात धरून बसलेले असत. बुलढाणा उंचावर आहे, पौषात तिथला वारा अंगात शिरतो. साहेबांच्या खोलीत शेगडी पेटलेली असे. मी आत डोकावून पाहिलं, तर पंखा दिवाळीपासूनच उतरवून ठेवलेला. दोरीचं दुसरं टोक एका खिळ्याला बांधलेलं होतं.

"चाचा, पंखा तर उतरवला आहे," मी म्हणालो.

"हाव."

"मग तुम्ही इथं काऊन बसले?"

"माहा हुकूम इथचा हाये." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कोन? समेटवाला?"

"नाही जी. मी कॉलेजचा."

"तुले कोनं बोलावलं?"

"साहेबांनी."

"मंग समेटवालाच. चाल हो तिकडं."

त्यानंतर चार-पाच दिवस मी रोज त्यांना नमस्कार केला आणि रोज त्यांनी तोंड फिरवलं. बाकीचेही कोणी बोलत नव्हते. ज्यांची नावं वहीत होती त्यांना मी एकेकाला गाठलं. एक म्हणाला, सगळं ठीक आहे. दुसरा म्हणाला, सगळं ठीक आहे, माझं नाव लिहू नका. तिसऱ्याने मला पाहून वाटच बदलली. प्राध्यापकांना पत्र लिहावं असं मनात आलं, पण काय लिहावं ते सुचेना.

चाचा बोलले ते माझ्या टिपणवहीमुळे. लढाईचे दिवस, कागद वाईट आणि शिलाई त्याहून वाईट. व्हरांड्यातून जाताना वहीची पानं सुटून खाली पडली. मी गोळा करायला लागलो तेव्हा त्यांनी दोरी सोडली, एक पान उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"हे का शिलाई हाये? कोन्या हजामानं शिवलं हे?"

टोपीच्या काठात खुपसलेली मोठी सुई त्यांनी काढली. कमरेच्या पिशवीतून दोरा काढून तो मेणावरून ओढला. माझ्या हातातली पानं घेऊन त्यांनी ती गुडघ्यावर ठोकून सरळ केली आणि शिवायला बसले. त्यांच्याकडे पाहत मी समोर उकिडवा बसलो. काय बोलावं ते कळत नव्हतं म्हणून गप्प राहिलो, आणि बहुतेक त्यामुळेच ते बोलले.

ते दफ्तरी होते, म्हणजे निकाल लागलेल्या प्रकरणांचे कागद, त्यांच्या मिसली, शिवून, पुठ्ठा घालून बांधणारे. त्यांचे वडीलही तेच करत. खळ शिजवताना त्यात मोरचूद किती घालायचं, म्हणजे वाळवी लागत नाही आणि कागद काळाही पडत नाही, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात साहेबांनी एक मिसल मागितली. ती नुकतीच चिकटवली होती, ओली होती. चाचा म्हणाले, उद्या देतो. रेकॉर्डच्या कारकुनाने ऐकलं नाही, दाबाखालून ओढून नेली. साहेबांच्या टेबलावर ती मधोमध फाटली. कारकून म्हणाला, दफ्तऱ्याने कच्ची बांधली. चाचा सगळ्यांसमोर म्हणाले, "ओली मिसल यानं वढली." एवढ्यावरून हेडक्लार्कांनी त्यांना दफ्तरखान्यातून काढून पंख्यावर बसवलं, आणि पंखेवाल्याला मिसली शिवायला दिल्या.

"तो सुतळीनं शिवते," चाचा म्हणाले. "सुतळीनं! पोतं हाये काय?"

त्यांनी मंडळाकडे अर्ज केला. पावसाळ्यात सुनावणी झाली. मंडळाने ठरवलं, हा मोसम संपेपर्यंत पंख्यावर बसावं, मग दफ्तरखान्यात परत. मोसम संपला. कोणी बोलावलं नाही. विचारायला गेले तर हेडक्लार्क म्हणाले, समेट झालेला विषय पुन्हा काढता येत नाही, तसा नियम आहे. तेव्हापासून हा दुसरा हिवाळा.

"अन् समेट झाला कोठी?" चाचांनी दोरा दाताने तोडला. "रमजान होता. ताटली पुढं केली. माहा रोजा. म्या गूळ हातात घेतला अन् फडक्यात बांधला. तोंडात घातलाच नाही. त्याईच्याच रीतीनं पाह्य, गूळ नाही खाल्ला तं समेट नाही. मले दुसरं काही नाही पाह्यजे. माहा दफ्तरखाना मले पाह्यजे."

मी विचारलं, "हे लिहू काय, चाचा?"

ते वही माझ्या हातात देत म्हणाले, "लिव्ह. लिवून का होते? इथी सारेच लिवून राह्यले."

मी याला परवानगी समजलो. अजूनही मला खात्रीने सांगता येत नाही की ती परवानगी नव्हती. पण विचारताना मला आनंद झाला होता, हे आठवतं. मला वाटलं, मला कुलपाची किल्ली सापडली. वहीत त्यांच्या पानावर 'दोघांनी गूळ खाल्ला' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते खोटं ठरलं की समेट रद्द, समेट रद्द झाला की चाचा दफ्तरखान्यात. इतकं सोपं होतं.

दोन दिवसांत मी नऊ पानं लिहिली. नाव घातलं नाही, फक्त 'एक दफ्तरी' असं लिहिलं. त्या कचेरीत दफ्तरी एकच होता, हे मला त्या वेळी सुचलं नाही. मी माझ्या हुशारीत होतो.

साहेब दौऱ्यावर होते. प्राध्यापकांनी मला सांगितलं होतं, ज्याच्याविषयी लिहिशील त्याला आधी दाखव, पाठीमागे लिहू नये. मला ते मनापासून पटलं होतं. म्हणून मी ती नऊ पानं हेडक्लार्कांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

त्यांनी उभ्यानेच वाचली. सगळी वाचून झाल्यावर म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुमचं."

दुसऱ्या दिवशी मंडळ बसलं. हेडक्लार्क मध्ये, दोन जुने कारकून दोन्ही बाजूंना, रेकॉर्डचा कारकून दाराशी. मला बाकावर बसवलं. चाचांना आत बोलावलं तेव्हा त्यांना काही माहीत नव्हतं. मला तिथे पाहून ते थांबले. आज ताटली नव्हती.

हेडक्लार्कांनी माझी ओळ मोठ्याने वाचली: 'दफ्तऱ्याने उपवासामुळे गूळ खाल्लाच नव्हता, त्यामुळे मंडळाची नोंद खरी नाही.'

"हे तू म्हणालास?"

चाचांनी खांद्यावरचं कांबळं आवरून घेतलं.

"तू म्हणाला असशील तर मंडळाने सरकारी वहीत खोटं लिहिलं असा तुझा आरोप आहे. तो सिद्ध करावा लागेल. झाला नाही तर नोकरी राहणार नाही. म्हणाला नसशील, तर या मुलाने मनचं लिहिलं. पोर आहे, चुकलं असेल. मग विषयच उरत नाही." मग ते निराळ्या आवाजात म्हणाले, "मिसलींना वाळवी लागली म्हणून साहेब ओरडतात. आम्हांलाही चांगला माणूस तिथे हवाच आहे. सोमवारपासून बसू शकतोस."

"बोल नं बे मियाँ," दारातून रेकॉर्डचा कारकून म्हणाला. "आज बी तोंडाले रोजा हाये काय?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून म्हणायला हवं होतं की यांचा काही संबंध नाही, मी मनचं लिहिलं. ते खोटं झालं असतं, आणि मी तिथे खोटं न लिहिण्यासाठी आलो होतो. किंवा म्हणायला हवं होतं की हे खरं आहे आणि मी शपथेवर सांगतो. त्याने त्यांची नोकरी गेली असती. मी दोन्ही वाक्यं मनात जुळवत राहिलो आणि बाकावरून उठलो नाही.

"म्या असं नाही बोललो, साहेब," चाचा म्हणाले. "म्या गूळ खाल्ला होता."

"आणि उपवास?"

"तोडला."

"कशासाठी?"

"तुमी देल्ला म्हनून."

रेकॉर्डचा कारकून मोठ्याने हसला. एका जुन्या कारकुनाने मान खाली घातली. हेडक्लार्क म्हणाले, "ठीक. जा."

मी व्हरांड्यात त्यांच्यामागे धावलो. ते दोरीपाशी गेले नाहीत, खांबाला धरून उभे होते.

"चाचा, तुम्ही रोजा तोडला नव्हता. मग तसं काऊन म्हटलं?"

"मले इचारतं?" ते इतक्या जोरात ओरडले की अंगणातली माणसं वळली. "तुले कोनं लिवाले सांगतलं होतं?"

"तुम्हीच म्हटलं, लिव्ह म्हणून."

"म्या म्हटलं! तुहा बाप असता माह्या जागी, तं लिवलं असतं काय? अन् लिवून त्याच्याच हातात देल्लं! शिकला कायले बे तू?" मग ते जवळ आले आणि हळू बोलले, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "म्या रोजा तोडला नाही अन् साऱ्याइच्या समोर तोडला म्हटलं. माह्या घरी हे आज ना उद्या पोहोचन. आता सोमवारी जर म्या दफ्तरखान्यात नाही बसलो, तं हे सारं फुकट गेलं. समजलं तुले? आता त्याईले जे पाह्यजे ते लिव्ह अन् जाय आपल्या घरी."

शनिवारी हेडक्लार्कांनी मला बोलावलं, आणि पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली. टेबलावर दोन कागद होते. एक माझी नऊ पानं, दुसरा चाचांना दफ्तरखान्यात परत नेमण्याचा हुकूम. हुकमावर सही नव्हती.

"साहेब उद्या येतात," ते म्हणाले. "दोन्ही कागद एकदमच पुढे जातील."

त्यांनी मला काय लिहायचं ते सांगितलं नाही. दौत माझ्याकडे सरकवली आणि स्वतः दुसरं काम करत बसले.

मी नऊ पानांची साडेतीन पानं केली. मंडळापुढे आलेली सर्व भांडणं मिटली आहेत, असं लिहिलं. वहीप्रमाणे ते खरंच होतं. मिटवण्याची रीत इथल्या लोकांच्या ओळखीची आहे, असं लिहिलं. तेही खरं होतं. एकेक वाक्य मी असं तपासून घेतलं की ते एकटं उभं केलं तर खोटं ठरू नये. हे करताना मला माझाच इतका राग येत होता की टाक दोनदा कागदातून आरपार गेला.

हेडक्लार्कांनी वाचलं. "चांगलं आहे. फक्त इथे, लोक समेट करतात, त्याच्या आधी 'स्वखुशीने' हवं."

ते वाक्य एकटं उभं केलं तरी खोटं होतं. मी टाक हातात धरून बसलो. त्यांनी घाई केली नाही. हुकूम त्यांच्या कोपराखाली होता. मी तो शब्द वर बारीक अक्षरात घातला.

"ठळक लिहा," ते म्हणाले. "साहेबांची नजर आता पूर्वीसारखी नाही."

मी ठळक लिहिला. मग त्यांनी हुकमावर सही केली.

त्या साडेतीन पानांवरून गेल्या उन्हाळ्यात दोन तहसिलींत समेट मंडळं सुरू झाली. प्राध्यापकांनी वर्गात ते सांगितलं, आणि मुलांनी माझ्याकडे वळून पाहिलं. प्राध्यापकांनी मला नंतर खोलीवर बोलावून विचारलं, "अडचणी काहीच दिसल्या नाहीत का रे तुला?" मी म्हणालो, "नाही सर." त्यांना हे आता कळलं तर माझ्यावरचा त्यांचा विश्वास जाईल. जावा असंच मला वाटतं, पण त्यांना जाऊन सांगितलेलं मात्र नाही. सांगितलं तर ते साहेबांना लिहितील, साहेब हेडक्लार्कांना विचारतील, आणि दफ्तरखान्यात कोण बसायचं ते अजूनही हेडक्लार्कच ठरवतात.

सोमवारी सकाळी खामगावची मोटर सुटायला वेळ होता. मी कचेरीत गेलो. दफ्तरखाना मागच्या बाजूला, एकच दार, खिडकी नाही. चाचा जमिनीवर बसले होते. दोन वर्षांत सुतळीने शिवलेल्या मिसलींचा ढीग त्यांच्याभोवती होता आणि ते एकेक उसवून पानं निराळी करत होते. वाळवीने खाल्लेली पानं त्यांनी एका बाजूला ठेवली होती. कोपऱ्यात खळ शिजत होती.

मी दारात उभा राहिलो. पुष्कळ बोलायचं ठरवून आलो होतो. "चाचा, मी चाललो," एवढंच म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं नाही.

"उजेड सोड बे," ते म्हणाले.

मी दारातून बाजूला झालो.